गालिच्याखालची लाकडी जमीन

अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू जर्सीपासून बॉस्टनपर्यंत, 1900 ते 1940 या काळात बांधलेली घरं आजही मोठ्या संख्येने नांदती आहेत. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही अशी घरं घेतात. घर ताब्यात आलं, डागडुजी सुरू झाली, की पहिला हात बहुधा गालिच्याला लागतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेला, रंग उडालेला गालिचा कोपऱ्यातून उचलावा, तर खाली अरुंद फळ्यांची ओकची जमीन निघते. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावाभोवती यंत्रावरच्या गालिच्यांचा प्रचंड उद्योग उभा राहिला, गालिचे स्वस्त झाले आणि असंख्य घरांतल्या चांगल्या लाकडी जमिनी त्यांच्याखाली गेल्या. झाकल्या गेल्या म्हणूनच त्यातल्या पुष्कळशा टिकल्याही.

अशी जमीन दिसली की घरमालकाला हुरूप येतो. घासायचं यंत्र भाड्याने मिळतं, शनिवार-रविवार मोकळा असतो, आणि सोमवारपर्यंत नव्यासारखी चकाकणारी जमीन हवी असते. हा लेख त्या घाईविरुद्ध आहे. जुन्या जमिनीत घासण्याजोगं लाकूड मोजकं असतं, ते पुन्हा भरून येत नाही, आणि बऱ्याच घरांत ते घासायची मुळात गरजही नसते.

मोजकं कसं, ते फळीची घडण पाहिली की कळतं. त्या काळातली ओकची नेहमीची फळी पाऊण इंच जाड आणि सव्वादोन इंच रुंद असते. तिच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवतात आणि खिळा जिभेच्या वरच्या कोपऱ्यातून तिरका मारतात, म्हणून वरून खिळे दिसत नाहीत. अशी जमीन घासत गेलं तर पाऊण इंच लाकूड हाताशी नसतं. खाचेच्या वरचा जो ओठ असतो तेवढंच असतं. नव्या फळीत तो ओठ साधारण 6 मिलिमीटर जाड. यंत्राने एकदा पूर्ण घासलं की पाऊण ते दीड मिलिमीटर लाकूड धूळ होऊन जातं, आणि हात कच्चा असेल तर त्याहून जास्त. शंभर वर्षांत आधीच्या मालकांनी दोन-तीनदा जमीन घासून घेतली असेल, तर आपल्या वाट्याला एखादंच घासकाम उरलेलं असतं.

त्यातही सगळ्या जमिनी पाऊण इंचाच्या नसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कित्येक घरांत 8 मिलिमीटर जाडीच्या, जीभ-खाच नसलेल्या सरळ कडांच्या ओकच्या पट्ट्या वरून खिळे मारून बसवल्या. त्या वरून सारख्याच दिसतात. यंत्र फिरू लागतं, खिळ्यांची डोकी उघडी पडतात, कागद फाटतो, तेव्हा उलगडा होतो. पण तोवर नुकसान झालेलं असतं. म्हणून पहिलं काम जाडी पाहण्याचं. जुन्या घरात गरम हवा येण्यासाठी जमिनीत लोखंडी जाळी बसवलेली असते. ती उचलली की फळीची कड आयती दिसते. जाळी नसेल तर उंबऱ्याची पट्टी काढून पाहावी. खाचेच्या कडेने लाकूड चिरलेलं दिसलं, जीभ उघडी पडलेली दिसली किंवा तिरक्या खिळ्यांची डोकी वर आलेली दिसली, तर ती जमीन आणखी एक घासणं सोसणार नाही असं समजावं.

दक्षिणेकडच्या आणि त्याहून जुन्या घरांत ओकऐवजी हार्ट पाइन भेटतो, म्हणजे लाँगलीफ पाइनच्या जुन्या झाडांचा राळ मुरलेला तांबूस गाभा. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत ही जंगलं एके काळी सुमारे 9 कोटी एकरांवर पसरलेली होती. घरं, गिरण्या, जहाजं, रेल्वे, टर्पेंटाईन या सगळ्यांसाठी ती तोडली गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम 30 लाख एकर उरली. संथ वाढलेल्या त्या झाडांची वार्षिक वलयं अतिशय दाट आहेत. लागवडीतल्या, भराभर वाढवलेल्या पाइनला ती घनता येत नाही, त्यामुळे आज असं लाकूड मुख्यतः पाडलेल्या गिरण्या-गोदामांच्या तुळयांतून कापून मिळतं. आपल्या घरात ते पायाखाली असेल, तर त्याचा एक मिलिमीटरही विचार करूनच खर्च करावा.

लाकूड कोणतं हे ओळखणं कामासाठीही महत्त्वाचं. लाकडाच्या कठीणपणाची एक परीक्षा गॅब्रिएल यांका यांनी 1906 मध्ये घालून दिली. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात मोजतात. रेड ओकला 1290 पौंड, हार्ड मेपलला 1450, हार्ट पाइनला 1225, तर व्हाइट पाइनला अवघे 380. आपल्या सागवानाचा आकडा हजाराच्या आसपास येतो. ज्या यंत्राने ओक घासायला चार फेऱ्या लागतात, तेच यंत्र व्हाइट पाइनच्या रुंद फळीत क्षणात खळगा पाडतं.

आता लाकडावर काय चढवलेलं आहे ते पाहू. पॉलियुरेथेन घराघरांत पोहोचलं ते 1960 नंतर. त्याआधीच्या जमिनींवर मेण, जवसाच्या तेलात राळ शिजवून केलेलं वार्निश किंवा लाखेचं पॉलिश असे. या तिघांतलं लाखेचं पॉलिश मला सर्वांत जवळचं वाटतं, कारण ती लाख बहुतेक आपल्याकडूनच गेलेली होती.

लाखेचे किडे पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतात. झारखंड आणि छत्तीसगड हे या पिकाचे मुख्य प्रदेश, पण पूर्व विदर्भातल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही लाख घेतली जाते. फांद्यांवरून खरवडलेली लाख दळून धुवायची, कापडाच्या लांब पिशवीत भरून विस्तवासमोर पिळत जायची, गळालेला रस ऊन असतानाच हातापायांनी ताणून त्याचा पातळ पापुद्रा करायचा आणि तो गार झाला की मोडायचा. हा झाला चपडा. स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश तयार. आपल्याकडचे पॉलिशवाले कपाटांना आणि देव्हाऱ्यांना ज्या पॉलिशचे हात देत आले, तेच हे. कोलकात्याच्या बंदरातून चपड्याची पोती अमेरिकेला जात. न्यूयॉर्कमध्ये विल्यम झिन्सर यांनी 1849 मध्ये लाख स्वच्छ करून विकण्याचा कारखाना काढला होता. ग्रामोफोनच्या तबकड्याही याच लाखेच्या होत्या. बालगंधर्वांची नाट्यपदं ज्या तबकड्यांवर घरोघर गेली, त्यांतला आणि न्यू जर्सीतल्या जिन्यांच्या पायऱ्यांवरचा मूळ पदार्थ एकच. 1942 मध्ये युद्धामुळे आशियातून येणारा पुरवठा धोक्यात आला, तेव्हा अमेरिकी सरकारने लाखेच्या वापरावर निर्बंध घातले. युद्धानंतर कृत्रिम रसायनं आली आणि जमिनींवरून लाख हळूहळू मागे पडली.

लाख ओळखायची परीक्षा सोपी आहे. कपाटाआडच्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकावा आणि मिनिटभराने बोटाने पाहावं. थर मऊ, चिकट झाला तर लाख. काहीच झालं नाही तर वार्निश किंवा पॉलियुरेथेन. मेणाची शंका असेल तर पांढऱ्या फडक्यावर मिनरल स्पिरिट घेऊन पुसावं. मेण असेल तर फडक्याला पिवळट-तपकिरी माखण लागतं. मेणाचा शोध लागणं फार गरजेचं, कारण मेणावर पॉलियुरेथेन धरत नाही. ते पापुद्र्यासारखं सुटून येतं आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

थेंबाने लाख असल्याचं सांगितलं तर आनंद मानावा. लाखेचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, म्हणून मळलेली, ओरखडे पडलेली जमीन स्वच्छ करून, बारीक पॉलिश पेपरने हलकी खरवडून, लाखेचे दोन पातळ हात दिले तरी ती उजळते. लाकडाला हातही लावावा लागत नाही. पाण्याने पडलेले पांढरे डागही पुष्कळदा स्पिरिट लावलेल्या फडक्याने जातात. लाखेची उणीवही सांगायला हवी: सांडलेलं पाणी तासन् तास राहिलं की ती पांढरी पडते आणि मद्यार्काने विरघळते. स्वयंपाकघरात ती नको. बैठकीच्या आणि झोपायच्या खोल्यांत मात्र ती आजही उत्तम चालते, असं माझं ठाम मत आहे.

वर पॉलियुरेथेन असेल आणि ते फक्त निस्तेज झालं असेल, तरीही लाकूड घासायचं कारण नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब गोल राहिला तर थर शाबूत आहे. लाकडात मुरून तिथे गडद डाग पडला तर थर गेलेला आहे. शाबूत थरावर बारीक जाळीची चकती फिरवून तो नुसता खरखरीत करतात आणि वरून एक नवा हात देतात. ही डागडुजी दर काही वर्षांनी केली तर लाकडाला पिढ्यान् पिढ्या धक्का लागत नाही.

घासायचंच ठरलं, तर आधी धुळीचा विचार. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरांत जमिनीवरचा रंग, जुनं वार्निश, भिंतींच्या पायाच्या पट्ट्या यांत शिसं असू शकतं आणि यंत्राने घासल्यावर ते धूळ होऊन घरभर पसरतं. रांगणारं मूल ती धूळ बोटांनी तोंडात घालतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाने होणारी इजा भरून येत नाही. एप्रिल 2010 पासून अशा घरांत शिशाच्या रंगाला हात घालणाऱ्या ठेकेदारांना प्रमाणपत्र आणि ठरावीक काळजी बंधनकारक आहे. स्वतःच्या घरात स्वतः काम करणाऱ्याला तो नियम लागू नाही, पण शिसं ठेकेदार आणि मालक असा भेद करत नाही. नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणं स्वस्त आहे, ते करावंच. गालिच्याखाली ओकऐवजी 9 इंची चौकोनी टाइल्स आणि काळा डिंक निघाला, तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. तिथे काहीही घासू नये, तज्ज्ञाला बोलवावं. लाकडाची नुसती धूळही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. चांगला मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र या कामात चैन नव्हे.

ओलाव्याची गोष्ट अशीच दुर्लक्षित राहते. फळ्यांच्या कडा उचललेल्या आणि मधला भाग खोलगट दिसत असेल, तर खालून ओल येत आहे: तळघर, गळका नळ, किंवा घराभोवती साचणारं पाणी. अशा अवस्थेत कडा घासून जमीन सपाट केली, की पुढे ओल आटल्यावर त्याच फळ्या मध्ये फुगलेल्या दिसतात. आधी ओल थांबवावी आणि काही महिने थांबावं. पुष्कळदा फळ्या आपोआप जागेवर येतात. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने फळ्यांमध्ये पडणाऱ्या बारीक फटीही दुखणं नव्हे. उन्हाळ्यात त्या मिटतात. त्यांत कडक लांबी भरली तर फळ्या फुगताना ती चेपते, आकसताना सुटते आणि तुकडे पडून बाहेर येते.

ओकवरचे काळे डाग पाहून बरेच जण फळीच बदलायला निघतात. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. पाणी आणि लोखंड त्याच्याशी मिळालं की काळा रंग तयार होतो; हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडल्यावर शाई होते तशी. खिळ्याभोवतीचे, जुन्या रेडिएटरखालचे डाग बहुधा याच जातीचे असतात आणि ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने ते फिके होतात. ते विषारी आहे, हातमोजे घालून वापरावं आणि नंतर जमीन नीट पुसून घ्यावी. कुत्र्या-मांजरांच्या मुताचे खोल गेलेले डाग मात्र क्वचितच जातात. तिथे फळी बदलावी लागते, आणि बदलायची तर त्याच घरातली, कपाटाच्या आतल्या जमिनीतली काढून इथे बसवावी. नवी फळी कपाटात गेली तर कुणाला दिसत नाही. रेड ओकच्या जागी व्हाइट ओक मात्र बसवू नये. दोघांची छिद्रं वेगळी असतात आणि पॉलिश चढल्यावर रंगातला फरक डोळ्यांत खुपतो.

घासण्याची रीत थोडक्यात अशी. जमीन सर्व कामांत शेवटी घ्यावी: गिलावा, विजेचं काम, छताचा रंग आधी. पायाच्या पट्टीखालची बारीक गोल पट्टी काढून ठेवावी, प्रत्येक खिळा आत ठोकावा. मोठ्या यंत्राला आधी भरड 36 नंबरचा कागद, मग 60, मग 80 किंवा 100. मधला नंबर गाळला तर भरड कागदाचे ओरखडे पॉलिशखाली चमकून दिसतात. यंत्र लाकडाच्या रेषांच्या दिशेने, एकसारख्या चालीने न्यावं. यंत्राचा कागद गुंडाळलेला ढोल जमिनीला टेकवायचा तो चालतानाच आणि थांबण्याआधी उचलायचा. एका जागी क्षणभर थबकला तरी खळगा पडतो. कडांना छोटं गोल यंत्र आणि कोपऱ्यांना हाताने स्क्रॅपर.

आगीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण जुन्या घराच्या नूतनीकरणात तिचा धोका सर्वांत कमी ओळखला जातो. जवसाचं तेल किंवा तेलाचं वार्निश वाळतं ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. जमिनीवरच्या पातळ थरात ती उडून जाते. चुरगळून ढिगात टाकलेल्या फडक्यांत ती कोंडते, वाढत जाते आणि ठिणगीशिवाय फडकी पेट घेतात. 23 फेब्रुवारी 1991 च्या शनिवारी संध्याकाळी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला आग लागली. बाविसाव्या मजल्यावर लाकूडकामाला नवी झळाळी देणाऱ्या कामगारांनी जवसाच्या तेलाची फडकी मागे ठेवली होती. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. ती विझवता विझेना. तिसाव्या मजल्यावर पाण्याचे स्वयंचलित फवारे होते, तिथे ती अखेर थोपली. फडकी एकेक करून मोकळ्या हवेत पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत. घासकामाची धूळ भरलेली पिशवीही रात्री घरात ठेवू नये, कारण तिच्यात जुन्या थराचा चुरा असतो आणि तीही आतून तापते.

दुसरा धोका वाफांचा. 2004-05 च्या सुमारास बॉस्टनच्या परिसरात जमिनी पॉलिश करण्याच्या कामावर असलेले तीन व्हिएतनामी-अमेरिकन कामगार दोन घरांत लागलेल्या आगींत दगावले. लॅकर सीलर या अतिज्वालाग्राही द्रवाच्या वाफांनी पेट घेतला होता. हा धंदा तिकडे मोठ्या प्रमाणावर स्थलांतरित व्हिएतनामी माणसं करतात. त्यांच्या समाजाने आणि कामगार-आरोग्य कार्यकर्त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि पुढे मॅसॅच्युसेट्सने या द्रवाच्या व्यावसायिक वापरावर कायद्याने बंदी घातली. ठेकेदार नेमताना भाव विचारतो तसंच तो कोणतं सीलर वापरणार हेही विचारावं. गॅसच्या शेगडीची, पाणी तापवण्याच्या टाकीची सतत जळणारी ज्योत काम चालू असताना बंद आहे ना, हे मालकाने स्वतः पाहावं. या कष्टाच्या कामात जीव दुसऱ्याचा पणाला लागलेला असतो.

शेवटचा थर कोणता द्यायचा, यावर घरोघरी वाद होतात. तेलाचं पॉलियुरेथेन लाकडाला मधासारखी पिवळसर झाक देतं आणि वर्षांगणिक आणखी पिवळं होतं. दोन हातांच्या मध्ये सुमारे 24 तास जाऊ द्यावे लागतात आणि वास उग्र. पाण्यातलं पॉलियुरेथेन दोन-चार तासांत वाळतं, वास कमी, रंग जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे जुन्या रेड ओकवर ते जरा फिकट वाटतं. माझी पसंती अशी: खाली मेण काढलेल्या लाखेचा एक हात आणि वर पाण्यातलं पॉलियुरेथेन. लाखेने लाकडाला ऊब येते, वरच्या थराने जमीन टिकाऊ होते. लाख मेण काढलेलीच हवी, नाहीतर वरचा थर धरत नाही.

तेलाच्या पॉलियुरेथेनला पूर्ण पक्कं व्हायला महिनाभर लागतो. तोवर सतरंजी अंथरू नये. नंतर ओल्या पोछ्याने किंवा वाफेच्या यंत्राने ही जमीन कधी पुसू नये, घट्ट पिळलेलं फडकं पुरतं. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावाव्यात. आणि एका कागदावर लाकडाचं नाव, उरलेली जाडी, कोणता थर कोणत्या कंपनीचा आणि केव्हा दिला हे लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावं. पुढचा हात देताना आपल्याला किंवा आपल्यामागून येणाऱ्या मालकाला पुन्हा थेंब टाकत बसावं लागणार नाही.